सडकेच्या आडवे

कल्याणहून निघून विशाखापट्टणमपर्यंत या रस्त्याने सलग गेलेला माणूस मला सगळ्या नोकरीत भेटला नाही. वर्तमानपत्रांत मात्र आमच्या रस्त्याचं नाव कायम ‘कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग’ असंच यायचं, अजूनही येतं. सरकारी कागदावर तेव्हा तो होता कल्याण ते निर्मल, क्रमांक २२२. मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा, नगर, पाथर्डी, माजलगाव करत तो येतो, ढालेगावला गोदावरी ओलांडतो आणि परभणी जिल्ह्यात शिरतो. पाथरी, मानवत, परभणी, मग राहाटीला पूर्णा नदी, पुढे झिरो फाटा. तिथून वसमत, नांदेड, भोकर, भैंसा आणि शेवटी लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेलं निर्मल. लांबी सहाशे किलोमीटरच्या आसपास. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम. आमच्या वाट्याला ६१ आला. पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड रंगवायला काढले तेव्हा आमच्या मुकादमांचा एकच प्रश्न होता : जुना आकडा खरवडायचा, का वरूनच मारायचा? मी म्हटलं, वरूनच मारा. पुढे कितीतरी दिवस उन्हात ६१ च्या खालून २२२ डोकावत असे.

मी कनिष्ठ अभियंता म्हणून या रस्त्यावर आलो तेव्हा हिंगोली वेगळी झालेली नव्हती. १ मे १९९९ ला नवा जिल्हा झाला, त्याआधी वसमतही परभणीतच. त्यामुळे दोन नद्यांमधला आणि त्यापलीकडचाही पट्टा अंगाखालचा होता. कुठल्या मोरीचा पाइप फुटलाय, कुठे पावसाळ्यात साइडपट्टी बसते, कुठल्या हॉटेलात भजी ताजी मिळतात, हे सगळं किलोमीटरच्या आकड्यासकट डोक्यात असायचं.

दर काही वर्षांनी ओ-डी सर्व्हे निघायचा. रस्त्यावर पोलीस उभा करायचा, गाडी थांबवायची आणि चालकाला तीन गोष्टी विचारायच्या : कुठून निघालात, कुठे चाललात, गाडीत काय आहे. या उत्तरांवर पुढे रस्ता किती रुंद करायचा, गावाबाहेरून वळवायचा का, याचं गणित मांडलं जातं. कोल्हा पाटीजवळ आम्ही लिंबाखाली टेबल टाकलं होतं. पहिलीच बैलगाडी आली.

“कुठून आलात, काका?”

“हितूनच.”

“हितून म्हणजे?”

“ह्या घरापून.”

“आणि चाललात कुठं?”

“त्या तिथं, वावरात.”

वावर सडकेच्या पलीकडच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. फॉर्मच्या दोन्ही रकान्यांत ‘कोल्हा’ लिहावं लागलं. मागून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मधे सरकीच्या पेंडीचं पोतं. मानवतच्या बाजारातून घरी. मग एक जीप, आत माणसं कोंबलेली, सगळी कुणाच्या तरी तेराव्याला निघालेली. नांदेडची एसटी. पुन्हा बैलगाडी. एक आंध्र पासिंगचा ट्रक आला तेव्हा आमचा मोजणीदार उत्साहाने उठून उभाच राहिला. शेळ्या घेऊन चाललेली एक बाई बराच वेळ हा प्रकार पाहत होती. शेवटी तीच टेबलाजवळ आली. “मला नाही इचारलं, बाबा?” मी म्हटलं, “मावशी, गाडीवाल्यांनाच विचारायचंय.” त्यावर ती म्हणाली, “मंग पायी जाणारानं काय घोडं मारलंय?” तिच्या प्रश्नाला आमच्या नियमपुस्तकात उत्तर नव्हतं.

त्या टेबलावर बसून माझ्या लक्षात आलेली गोष्ट एवढीच की आम्ही सडक लांबीनं आखतो आणि परभणीची माणसं ती रुंदीनं वापरतात. हैदराबादकडून मुंबईला जाणारा मोठा माल सोलापूर-पुण्यावरून जातो; तो रस्ता सरळ पडतो. आमच्या वाट्याला लांबचे ट्रक येतात, पण सडक जगते ती दहा-वीस किलोमीटरच्या माणसांवर. त्याहून जास्त, तिला नुसती ओलांडणाऱ्यांवर. आणि ओलांडणाऱ्याला मोजायचा रकानाच नाही.

वाहनांची मोजणी हा आमच्या कामातला सगळ्यांत कंटाळवाणा आणि मला सगळ्यांत आवडणारा भाग. वर्षातून दोनदा, सात दिवस, चोवीस तास. रस्त्याकडेला राहुटी ठोकायची, तिघांच्या पाळ्या लावायच्या, रात्री पेट्रोमॅक्स. वहीत वाहनांचे रकाने आखलेले. गाडी गेली की एक काडी, चार काड्या झाल्या की पाचवी आडवी. इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक असा की एक मोजणी सुगीच्या दिवसांत करायची आणि एक मंदीच्या. ज्या कुणी हे लिहिलं त्याला खेड्यातला रस्ता कळत होता. पुढचा नियम मात्र त्याने दुसऱ्या मुलखात बसून लिहिला असावा : जत्रा, मेळा असेल तर मोजणी पुढे ढकलावी. परभणीत सुगी आटोपली की गावोगाव सप्ताह बसतात, गावजेवणं उठतात, जत्रा भरतात. फेब्रुवारी लागला की परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस. त्यासाठी लांबलांबून एसट्या भरून येतात. आषाढी वारीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा करत जनाबाईच्या गंगाखेडकडे जाते. नियम अक्षरशः पाळायचा म्हटला तर मोजायला वैशाखातली भर दुपार तेवढी उरते, आणि तेव्हा लग्नांचे टेम्पो असतात.

मोजून झालं की सगळ्या वाहनांचं एका मापात रूपांतर करायचं. मोटार म्हणजे एक. सायकल अर्धी, मोटारसायकल अर्धी. एसटी आणि ट्रक तीन. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट साडेचार. आणि बैलगाडी आठ! ती हळू चालते, मागच्यांना अडवते, म्हणून एका गाडीने आठ मोटारींएवढी जागा खाल्ली असं धरायचं. शहरातून आलेल्या एका तरुण अभियंत्याने हा तक्ता पाहून विचारलं होतं की साहेब, हा छपाईचा दोष तर नाही? नाही. उलट त्याच आकड्याने आमच्या जिल्ह्याचं भलं केलं. मंजुरीच्या फायलीत परभणी-मानवत पट्ट्यावरची वाहतूक मोठी दिसायची ती ट्रकांमुळे कमी आणि बैलगाड्यांमुळे जास्त. ज्याच्या आठपट वजनावर रस्ता मंजूर होतो तो गाडीवान मात्र डांबरावरून जायचाच नाही. लोखंडी धावेची चाकं डांबरावर कडकड वाजतात, बैलाचा पाय घसरतो. तो आपला साइडपट्टीच्या मातीतून चालायचा. पावसाळ्यात तीच साइडपट्टी गुडघाभर चिखल झाली की तो डांबरावर चढायचा, आणि चाकांना चिकटलेली काळी माती सडकभर सांडत जायचा. तिच्यावर मोटारसायकली घसरायच्या. मग आमचे मैलकुली फावडी घेऊन डांबर खरवडत बसायचे.

मानवतची तऱ्हा आणखी निराळी. कापसाची मोठी बाजारपेठ, जिनिंगच्या गिरण्या. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, असं झालं. चांगल्या वर्षी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची ती गावाबाहेर पडून सडकेने पसरायची. गाडीखाली बैल सोडलेले, कडब्याच्या पेंढ्या, वर कापसाच्या ढिगावर पोरगं झोपलेलं, तीन दगडांवर चहाचं पातेलं. माणसं रात्र रात्र तिथे काढत. भेळेचे गाडे यायचे, न्हावी यायचा, एकदा तर एक पहिलवान मंडळी रिंगण करून पैसे गोळा करताना मी पाहिली. आमची मोजणीची राहुटी तिथून जवळच होती, पण रांगेतल्या गाड्या मोजणीत धरायच्या नव्हत्या, कारण त्या चालत नव्हत्या. सगळ्या रस्त्यावर त्या आठवड्यात सर्वांत जास्त वाहनं होती ती उभी होती, आणि उभ्या गाडीला रकाना नव्हता. योजना पुढे आटोपली, रांगा गेल्या. आता कापूस टेम्पोने थेट जिनिंगमध्ये जातो.

या कापसानेच आमच्या खात्याचं रक्त आटवलं, हे थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे. परभणीची जमीन काळी, कसदार, खोल. बसाल्ट खडक झिजून तयार झालेली. तिच्यात एका जातीची चिकणमाती असते, तिला पाणी लागलं की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. कपाशीला हे फार मानवतं, कारण पाऊस उघडला तरी खाली ओल टिकून राहते. रस्त्याला हीच गोष्ट मारक. पावसाळ्यात ही माती रस्त्याला खालून वर ढकलते, उन्हाळ्यात पायाखालून काढता पाय घेते. मे महिन्यात कडेच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या हळूहळू साइडपट्टीखाली शिरतात आणि डांबराच्या कडेने लांबच लांब चीर उमटते. मृगाचं पाणी त्या चिरेतून आत जातं आणि दिवाळीपर्यंत तिथे रस्ता लाटेसारखा हलतो. मातीची ताकद सीबीआर नावाच्या मापाने मोजतात. चांगला मुरूम दहाच्या वर जातो. आमची माती पाण्यात भिजवून तपासली की दोन-तीनवर येऊन बसायची. फुगवट्याची एक साधी परीक्षा असते : वाळलेल्या मातीचं चूर्ण काचेच्या नळीत पाण्यात घालून एक दिवस ठेवायचं. एवढ्याशा चमच्याने घातलेली माती दुसऱ्या दिवशी नळीत वर चढून बसलेली असते. नवे मजूर आले की आमचे मुकादम मुद्दाम त्यांना ती नळी दाखवायचे. त्यांचं म्हणणं असायचं, गडी बघू द्या, कुणासंगं गाठ आहे ते.

उपाय माहीत होते. काळी माती खणून काढायची, तिच्या जागी मुरूम भरायचा, किंवा चुना मिसळायचा, पाणी कडेला थांबू द्यायचं नाही. मुरूम मिळायला मात्र टेकडी लागते आणि आमच्याकडे गोदावरीकाठी नजर पोचेल तिथवर सपाट शेत. लांबून वाहतूक करून आणायचा तर अंदाजपत्रक फुगतं. शिवाय पाणी थांबू द्यायचं नाही हे म्हणणं सोपं. १९७६ ला जायकवाडी धरण सुरू झालं. पैठणहून डावा कालवा २०८ किलोमीटर येतो तो आमच्याच जिल्ह्यात. पाथरी-मानवतकडे त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, माणसं सुखाला लागली. कालव्याचा पाझर सडकेखाली आला आणि जी माती पूर्वी सहा महिने तरी कोरडी असायची ती बारमाही ओली राहू लागली. शेतकरी मला म्हणायचा, साहेब, देवाची कृपा. मी हो म्हणायचो आणि वहीत ‘पायाभरणीत पाझर’ असं लिहून पुढे जायचो.

या सडकेवर पहिली खडी कुणी फोडली असं विचारलं तर जुनी माणसं दुष्काळाचं नाव घेतात. १९७२ चा दुष्काळ. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच सुमारास उभी राहिली, कायदा पुढे १९७७ ला झाला. मराठवाड्यातल्या कितीतरी रस्त्यांची, पाझर तलावांची कामं त्या दुष्काळी कामांवर झाली. सडक अर्थातच त्याआधीची, निजामाच्या काळापासूनची. पण तिची रुंदी, भराव, फाट्यांचे रस्ते हे दुष्काळाचं देणं. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या कामांवर खडी फोडलेल्या बाया आमच्या मजुरांच्या हजेरीपटावर होत्या. एकीच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला नखच नव्हतं. दगड त्या हाताने धरायचा आणि उजव्याने हातोडी मारायची. कधीतरी नेम चुकलेला. ती हे सांगताना हसायची, कारण तिच्या मते त्या वर्षी ज्यांच्या हातात हातोडी होती ते जगले. खडीचा ढीग लाकडी फरम्यात भरून मोजत. फरमा भरला की पैसे, रिता राहिला की नाही. आमच्या काळात क्रशरची खडी आली, पण ती बाई नुसता ढीग बघून सांगायची, हे चाळीसचं न्हाई, साठचं हाय. चाळणी लावली की तिचं खरं निघायचं.

जुन्या वाटेबद्दल मला एक छंद लागला तो याच रस्त्यामुळे. माळशेजच्या शेजारीच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून माल त्या घाटाने वर चढून जुन्नरमार्गे पैठणला जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे आणि तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. पैठण आमच्या महामार्गावर नाही, उत्तरेला राहतं; पण कल्याणहून घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यात उतरायचं, ही मूळ कल्पना दोन हजार वर्षांची आहे. आम्ही तिच्यावर डांबर टाकलं. पाथरी तर एके काळी परभणीपेक्षा मोठं ठाणं. अकबराच्या राज्यात वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणजे पाथरी. अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते आणि वाडवडिलांचं गाव आपल्याकडे असावं म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाशी लढाई केली. पाथरीच्या नाक्यावर ट्रॅफिक जाम झाला की हे आठवून मला बरं वाटायचं. निदान कुणीतरी या गावासाठी एवढा खटाटोप केला होता. २०२० च्या जानेवारीत तसाच योग आला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटी जाहीर केले आणि शिर्डीने बंद पाळला. आठवडाभर आमच्या सडकेवर टीव्हीवाल्यांच्या छत्र्यांच्या गाड्या. मोजणी चालू असती तर त्यांना कुठल्या रकान्यात घातलं असतं कोण जाणे.

झाडांचं सांगतो. परभणीच्या दोन्ही अंगांना सडकेवर चिंचा होत्या, लिंब होते, मधूनमधून वड. प्रत्येकाला गेरूचा आणि चुन्याचा पट्टा. चिंच धरली की आमचं खातं लिलाव पुकारायचं. अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर, झाडं इतकी, बोली बोला. बोली लावणारे ठरावीक चार-सहा जण. ते आधी आठवडाभर सायकलवरून झाडं बघून ठेवत आणि लिलावात मात्र पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून बसत. लिलाव घेतलेल्या माणसाचं कुटुंबच झाडाखाली राहायला यायचं. बाप्या वर चढून काठीने झोडपायचा, खाली बाया चिंचा वेचायच्या, फोडायच्या, चिंचोके वेगळे करायच्या. सडकेवरून जाणाऱ्या शाळेच्या पोरांची चोरी हिशेबात आधीच धरलेली असे. एकदा एका गुत्तेदाराने तक्रार केली की पोरं चिंचा पाडतात, सरकारने बंदोबस्त करावा. आमच्या वरिष्ठांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, तुम्ही शाळेत असताना हीच सडक होती का? तक्रार तिथेच मिटली.

रुंदीकरणाचं ठरलं तेव्हा त्याच गेरूच्या पट्ट्यावर आकडे पडले. झाडाचा घेर मोजायचा, नंबर टाकायचा, जात लिहायची, किंमत काढायची. घेर टेपने मोजताना दोन माणसं लागत, टेप झाडामागे गेली की पलीकडून दुसऱ्याने टोक धरायचं. असोला पाटीकडच्या एका चिंचेखाली पंक्चरवाल्याचं दुकान होतं, म्हणजे खोडाला ठोकलेला एक खिळा, त्याला लटकलेली ट्यूब आणि पाण्याचं टमरेल. नंबर टाकायला गेलो तर म्हणाला, “साहेब, माझ्या दुकानाला नंबर टाकताय, भाडं सुरू करणार का काय?” झाड पडलं, त्याने पाचशे फूट पुढे जाऊन दुसरं झाड पकडलं. तेही नंबरातलं निघालं. नंतर त्याने पत्र्याचं शेड घातलं. बदल्यात झाडं लावायची अट करारात असते आणि लावलीही जातात, पण ज्या चिंचेच्या सावलीला ऊसतोडीचा अख्खा जथा दुपारी विसावत होता तशी चिंच व्हायला दोन पिढ्या जाव्यात.

काँक्रीटचा रस्ता झाला तो उत्तम झाला, हे मी मनापासून म्हणतो. काळ्या मातीशी झुंजायला तोच योग्य. लाट नाही, चीर नाही, नांदेडला जायचा वेळ कितीतरी कमी झाला. तो उंचही झाला, आणि इथून आडव्या माणसांची अडचण सुरू झाली. पूर्वी शेतातली गाडी सरळ सडकेवर चढायची. आता वावर खाली आणि सडक छातीएवढी वर. प्रत्येकाला आपल्या बांधाशी उतार हवा. नकाशात उतार असतात ते नोंदलेल्या रस्त्यांना, आणि शेतात जायच्या वाटा कुठल्याच नकाशात नसतात. त्या बापाने काढलेल्या, शेजाऱ्याने तोंडी मान्य केलेल्या. निवेदनं यायची, सातबाराची नक्कल जोडलेली, खाली अंगठे. जमतील तेवढे उतार आम्ही बसवायचो. जिथे जमत नसे तिथे सकाळी जाऊन पाहावं तर रातोरात मुरूम टाकून उतार तयार झालेला, आणि असा नेटका की आमच्या गुत्तेदारालाही हेवा वाटावा. साइडपट्टीचा उपयोग लोकांनी आमच्याआधी शोधला. मूग-उडदाच्या शेंगा अंथरायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी तुडवल्या की खळं झालं. सोयाबीन वाळत घालायचं. झिरो फाट्याच्या पुढे वसमतच्या बाजूला शिजवलेली हळद पसरलेली असते, दुतर्फा पिवळी, कडेला दगड मांडून हद्द केलेली. नियमाने हे सगळं अतिक्रमण. रात्री ते दगड तसेच राहिले की जिवावर बेततं, हेही खरं. म्हणून मी त्या बाबतीत कडक असायचो. पीक राहू दे, दगड उचला, एवढंच सांगायचो, आणि ते ऐकलंही जायचं.

रात्रीचं मोठं भय उसाच्या ट्रॉल्यांचं. दसरा झाला की तोडीला जाणाऱ्या टोळ्या ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिमेला निघतात. कोयते, कोंबड्या, पत्रे, पोरं. आणि इथल्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. उसाचे शेंडे इतके बाहेर आलेले की मागचा दिवा असला तरी दिसत नाही. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या फाटकावर उभं राहून आम्ही ट्रॉल्यांना लाल परावर्तक चिकटवायचो. चिखल बसला की ते आंधळे होतात, म्हणून सोबत एक ओलं फडकं द्यायचं आणि चालकाला सांगायचं, भरून झालं की पुस. एका चालकाने फडकं घेतलं आणि त्याने आधी ट्रॅक्टरवरचा देवाचा फोटो पुसला. मग मागे जाऊन परावर्तकही पुसला. क्रम त्याचा होता, काम झालं.

सगळ्यांत चिवट भांडण मात्र मोरीचं. सडक भरावावर गेली की पावसाचं पाणी तिला अडतं. ते खालून काढून द्यायला सिमेंटचे पाइप टाकतात. मानवतच्या अलीकडे एक मोरी होती. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचं म्हणणं, पाइप लहान आहे, माझी कपाशी पाण्यात राहते, मोठा टाका. खालच्या अंगाचा म्हणायचा, मोरीच नको, सगळं पाणी माझ्या वावरात सोडता, बुजवून टाका. दोघांचंही बरोबर. उताराचा हिशेब केला, पाणलोट मोजला, पाइप पुरेसा निघाला. तरी दर मृगाआधी पाइपच्या तोंडाशी खताच्या पोत्यांत माती भरून कुणीतरी बुच मारलेलं असायचं, आणि दर आषाढात दुसऱ्या कुणीतरी ते फोडलेलं. कुणी काही बोलायचं नाही. मुकादम दोघांनाही नावानिशी ओळखत होते आणि मला सांगत नव्हते. मी एकदा खोदून विचारलंच, तर म्हणाले, “साहेब, त्यायच्या घरात सोयरिक व्हायलीय. खालच्याची पोरगी वरच्याच्या घरात चाललीय. औंदा लगीन लागू द्या, मग बघू.” लग्न लागलं. पुढच्या जूनमध्ये गेलो तर पोती होतीच, पण अर्धाच पाइप बुजवला होता. मी वहीत ‘मोरी अंशतः साफ’ असं लिहिलं, मुकादमांनी सही केली, आणि आम्ही पुढच्या किलोमीटरला निघालो.